एक मंडळी, दोन रसिकवर्ग : किर्लोस्कर-गंधर्व परंपरेतील नाट्यपदाच्या बदलत्या शैलीची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या गायकवृंदाने किंवा संगीतसंस्थेने आपली गायनशैली बदलली की तिचा रसिकवर्ग दुभंगतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. १९६५ साली अमेरिकेतील न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवरील गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्याच चाहत्यांपैकी काहींनी त्याची हुर्यो उडवली. जुने रसिक अशा वेळी 'आमचा गायक बिघडला' असे म्हणतात आणि नवे रसिक 'तो आता कोठे उमलला' असे म्हणतात. हा वाद बहुधा पिढ्यांतील अंतराचा किंवा वैयक्तिक आवडीनिवडीचा मानून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखकास हे स्पष्टीकरण अपुरे वाटते.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रश्नाचे अतिशय बोलके उदाहरण उपलब्ध आहे. किर्लोस्कर नाटक मंडळी आणि तिच्यातूनच निघालेली गंधर्व नाटक मंडळी यांच्या पदांची शैली १८८० ते १९३४ या काळात किमान चार वेळा पालटली आणि प्रत्येक वळणावर रसिकांचे दोन तट पडले. हे उदाहरण आपल्या परिसराच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीत. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, तर 'मानापमान'कार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे सांगलीचे. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचे घराणे नागठाण्याचे आणि किर्लोस्कर मंडळीतील त्यांचे पदार्पण १९०५ मधील मिरजेचे. म्हणजे ज्या परिवर्तनाने मराठी रसिक दुभंगला, त्याचे बरेचसे शिल्पकार कृष्णाकाठचेच होते.

रसिकांची ही फूट जुन्या-नव्या चालींपुरती नव्हती. नाटकातील पदाचे कार्य कोणते, या प्रश्नाच्या दोन भिन्न उत्तरांतून ती पडली, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. या वादाचा निकाल रंगभूमीवर लागला नसून तो रंगभूमीबाहेरच्या एका यंत्राने लावला आणि त्या निकालाचे परिणाम आपण आजही आपल्या महाविद्यालयांच्या व्यासपीठांवर भोगत आहोत, हेही येथे दाखवावयाचे आहे.

१. किर्लोस्करी पद : संवादाचा विस्तार

भाव्यांच्या नाटकात गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. पात्रे आपल्या भूमिकेचा आविर्भाव करीत व सुचेल ते गद्य बोलत. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा ही व्यवस्था मोडली. आता पात्र स्वतःचे पद स्वतः गाऊ लागले. 'शाकुंतला'तील पदांची संख्या दोनशेच्या घरात जाते. १८८२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'सौभद्रा'तही पदांची अशीच रेलचेल आहे.

आजच्या वाचकास एका नाटकात इतकी पदे अशक्य वाटतात. पण ती शक्य होती, कारण त्यांतील बहुतेक पदे आटोपशीर होती. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही कीर्तनातून व स्त्रियांच्या ओवी-गीतांच्या परंपरेतून परिचित झालेली वळणे किर्लोस्करांनी मुक्तहस्ताने वापरली. त्यांना लावणीच्या, कर्नाटकी आणि हिंदुस्थानी रागांतल्या चालींची जोड दिली. पात्राने प्रश्न पदात विचारावा आणि दुसऱ्याने उत्तरही पदातच द्यावे, असे प्रसंग या नाटकांत वारंवार येतात. अशा ठिकाणी पद संवादाला थांबवीत नाही, ते त्याला पुढे नेते. चाल ही शब्दांची वाहक असते आणि शब्द हे कथानकाचे.

मोरोबा वाघुलीकर, बाळकोबा नाटेकर आणि भाऊराव कोल्हटकर हे या काळातील नामांकित गायकनट होत. हे गायक कच्चे होते म्हणून पदे लहान होती, असा समज कोणी करून घेऊ नये. भाऊरावांच्या उंच, धारदार आवाजाची व वेगवान तानेची ख्याती त्यांच्या हयातीतच दंतकथेसारखी पसरली होती. तेव्हा सामर्थ्य होते. परंतु ते नाटकाच्या मर्यादेत वापरावयाचे हा संकेतही होता.

२. 'वीरतनय' आणि 'शारदा' : एकाच मंडळीतील दोन प्रवाह

पहिली ठळक फूट १८९६ साली दिसते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे 'वीरतनय' किर्लोस्कर मंडळीने त्या वर्षी रंगभूमीवर आणले. कोल्हटकरांना जुन्या चालींचा कंटाळा आला होता. पारशी-उर्दू रंगभूमीवरील उडत्या, ठेकेदार चाली त्यांनी मराठी पदांसाठी घेतल्या. तरुण प्रेक्षकांना हा ताजेपणा भावला. साकी-दिंडीवर वाढलेल्या प्रेक्षकास मात्र या चाली परक्या व थिल्लर वाटल्या. शिवाय आधी चाल आणि मग तिच्या मापाने शब्द, अशी रचना झाल्याने कोल्हटकरांची पदे पुष्कळदा क्लिष्ट झाली व ऐकताक्षणी अर्थबोध होईनासा झाला. जुन्या रसिकांच्या तक्रारीतील हा भाग निव्वळ सनातनी वृत्तीचा नव्हता. अर्थ कळेनासा झाला की पदाचे संवादकार्यच संपते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

लगेच तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, याच मंडळीने देवलांचे 'शारदा' सादर केले. जरठ-कुमारी विवाहाचा विषय, घरगुती बोली आणि बोलता बोलता गाण्यात शिरावे अशी सोपी पदे! देवलांनी किर्लोस्करांची परंपरा नुसती राखली नाही, तर पौराणिक विषयातून ती मध्यमवर्गीय ओसरीवर आणली. देवल हे उत्तम तालीममास्तर होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पद म्हणताना नटाने भूमिका सोडता कामा नये, हे सूत्र त्यांच्या पदरचनेतच गुंफलेले दिसते.

तात्पर्य, १९०० च्या सुमारास एकाच मंडळीच्या तिकिटावर दोन प्रकारचे गाणे मिळत होते. रसिकांचे दोन गट होते, परंतु दोघांनाही आपले घर एकच वाटत होते. फूट होती, फाळणी नव्हती.

३. 'मानापमान' ते 'स्वयंवर' : मैफलीचा प्रवेश

ही स्थिती पालटली ती १९११ मध्ये. 'कीचकवध'सारख्या ज्वलंत गद्य नाटकाचे कर्ते खाडिलकर संगीत नाटकाकडे वळले आणि १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले. पदांना चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. टेंब्यांचा कान बैठकीच्या गाण्यावर पोसलेला होता. पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी यांचा लडिवाळपणा त्यांनी मराठी पदात आणला. बालगंधर्वांच्या भामिनीने हे पद असे काही सजवले की प्रेक्षक ते पुनःपुन्हा मागू लागले.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ मध्ये आलेल्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. बुवा अनेक घराण्यांची तालीम घेतलेले थोर ख्यालगायक होते. यमन, भूप, बिहाग अशा रागांतील बंदिशींच्या वजनावर त्यांनी पदे बसवली. 'शाकुंतला'तील दोनशेच्या तुलनेत 'स्वयंवरा'तील पदसंख्या पाऊणपटीने घटली, पण प्रत्येक पदाचा विस्तार कितीतरी वाढला. मंडळीच्या साथसंगतीतही हाच बदल दिसतो. ऑर्गनचे भरघोस स्वर आले. पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे मैफलीचे कलावंत नाटकाच्या साथीला बसू लागले. असा साथीदार केवळ दिंडीला ठेका धरण्यासाठी कोणी ठेवीत नाही.

'वन्स मोअर' ही प्रथा या संदर्भात केवळ गंमत म्हणून पाहता येत नाही. प्रेक्षकाने मागणी करावी, नटाने तेच पद नव्या जागा घेऊन पुन्हा गावे आणि नाटक तेवढा वेळ थांबावे, हा एक प्रकारचा करार होता. त्या करारात पदाचा मालक नाटककार राहिला नाही. गायक आणि त्याचा चाहता हे दोघे मालक झाले. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागला, यात नवल नाही.

४. फुटीचे स्वरूप

या टप्प्यावर रसिकांतील मतभेद निराळ्या पातळीवर गेला. जुन्या रसिकाचे आक्षेप साधारण तीन होते. पहिला, पदाने नाट्य थांबते. दुसरा, पात्र नाहीसे होऊन गायक उरतो. रुक्मिणीची व्याकुळता ऐकावयास आलेल्या प्रेक्षकाला बिहाग ऐकावयास मिळतो. तिसरा, या गायनासाठी असामान्य गळा लागतो. त्यामुळे मंडळीतील इतर नट दुय्यम होतात आणि सारा डोलारा एका व्यक्तीवर उभा राहतो.

नव्या रसिकाची उत्तरेही तितकीच सबळ होती. ज्या काळात अभिजात संगीत दरबारांच्या, बैठकींच्या व गुरुगृहांच्या चार भिंतींत होते, त्या काळात गंधर्व मंडळीने ते तिकीट काढू शकणाऱ्या कोणाही माणसापर्यंत नेले. गावोगावच्या कारकुनाला, शिक्षकाला व दुकानदाराला यमन आणि भूप यांची ओळख नाटकाने करून दिली. शिवाय बालगंधर्वांचे श्रेष्ठत्व नुसत्या ताना घेण्यात नव्हते. शब्दाचा उच्चार, त्याचे वजन आणि त्यातील आर्जव ते सहसा हरवू देत नसत. तेव्हा 'पात्र नाहीसे झाले' हा आक्षेप खुद्द त्यांच्याबाबत पुरता लागू पडत नाही. तो त्यांच्या अनुकरणकर्त्यांना अधिक लागू पडतो.

दोन्ही बाजू ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात येते. दोघे एकाच वस्तूविषयी भांडत नव्हते. जुना रसिक नाटकास येत होता व त्यात गाणे ऐकत होता. नवा रसिक गाण्यास येत होता व त्याभोवती नाटक पाहत होता. दोघांनी एकाच थिएटरात, एकाच तिकिटावर बसावे, ही संगीत नाटकाची श्रीमंती होती आणि तिच्यातच त्याचा कलहही होता.

एकाच काळातील दोन गायनशैलींचे चाहतेही असे समोरासमोर येत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श यांनी 'संयुक्त मानापमान' केला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर! एकाचे गाणे मृदू, रेंगाळणारे. दुसऱ्याचे खुल्या गळ्याचे, चढ्या स्वराचे व तेजस्वी. दोघांचेही अभिमानी प्रेक्षक त्या रात्री एकाच छताखाली होते. हा प्रयोग मराठी रंगभूमीवर अविस्मरणीय ठरला, याचे कारण केवळ दोन मोठे गायक एकत्र आले एवढेच नव्हे. दोन शैलींना एकाच नाट्यवस्तूत जागा असू शकते, हे तेथे सिद्ध झाले. नाटक भक्कम असेल तर शैलींचा संघर्ष त्याला पोषक ठरतो, असा या प्रयोगाचा अर्थ आपणांस लावता येईल. दुर्दैवाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे निधन झाले.

५. निकाल कोणी लावला?

आज 'नाट्यसंगीत' म्हणताच आपल्या मनात 'स्वयंवर'-'मानापमान'चा विस्तृत, रागदारी वळणाचा नमुना उभा राहतो. साकी-दिंडीचे किर्लोस्करी पद आठवत नाही. म्हणजे नव्या रसिकाचा पक्ष विजयी झाला, असे दिसते. हा विजय गुणवत्तेवर मिळाला काय?

येथे एक साधी कालगणना उद्बोधक ठरेल. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले. हिंदुस्थानात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये. या एका वर्षाच्या अंतराने किर्लोस्करी गायनाचा सर्वांत मोठा प्रतिनिधी कायमचा मुका झाला. जुन्या रसिकाजवळ उरली ती फक्त आठवण. नव्या शैलीजवळ मात्र तबकड्या होत्या. बालगंधर्वांचे पद घरोघरी, हॉटेलांत, लग्नमंडपांत वाजू लागले. आठवण आणि तबकडी यांच्या लढतीत आठवण हरणार, हे उघडच होते.

तबकडीने आणखी एक गोष्ट केली. तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्यात पदाच्या आधीचा संवाद बसत नाही, नंतरचा प्रसंग बसत नाही. जे पद नाटकातून अलग करूनही उभे राहते तेच तबकडीवर शोभते. प्रश्नोत्तराची साकी तबकडीवर अर्थशून्य होते. बिहागाचे पद मात्र खुलते. अशा रीतीने या यंत्राने आपल्या स्वभावानुसार निवड केली आणि ती निवड पुढच्या पिढ्यांनी रसिकतेचा निकाल म्हणून स्वीकारली. जुन्या रसिकाची बाजू चुकीची ठरली नाही. तिच्याजवळ पुरावा उरला नाही, इतकेच.

६. नंतरची वळणे

१९३१ मध्ये बोलपट आला आणि १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले. केशवराव भोळे यांनी त्यात मोजकी, भावानुकूल पदे दिली. जुन्या रसिकाचा पहिला आक्षेप, पदाने नाट्य थांबू नये, येथे नव्या पिढीच्या तोंडून पुन्हा उच्चारला गेला. गंमत अशी की या वेळी 'हे कसले संगीत नाटक?' असे म्हणणारे जुने रसिक होते ते गंधर्वशैलीचे. दोन दशकांपूर्वीचे नवे आता जुने झाले होते. गंधर्व मंडळी १९३४ मध्ये बंद पडली. बालगंधर्वांचा 'धर्मात्मा' चित्रपट १९३५ मध्ये आला, पण पडद्यावर ते रमले नाहीत. ज्या कलेचा प्राण प्रेक्षकाशी होणाऱ्या देवघेवीत होता, तिला कॅमेऱ्यासमोर 'वन्स मोअर' कोण देणार?

१९६४ मध्ये रहिमतपूरचे सुपुत्र वसंत कानेटकर यांच्या 'मत्स्यगंधा'ला जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिले. पदे आटोपशीर झाली, पण रागांचे सत्त्व राहिले. गंधर्वकालीन पदांवर वाढलेल्यांना त्यात भावगीताचा वास आला, तर तरुणांना संगीत नाटक पुन्हा आपले वाटले. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'त पुरुषोत्तम दारव्हेकरांनी घराण्यांचा संघर्ष हाच नाट्यविषय केला. तेथे गाणे दीर्घ असूनही नाट्य थांबत नाही, कारण गाणे हीच घटना आहे. २०१५ मधील याच नाटकावरील चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना जुन्या पदांशेजारी आल्या आणि 'मूळ कट्यार' ऐकलेले व नव्याने ऐकणारे, असे दोन तट पुन्हा पडले. म्हणजे शैली बदलत राहिली, तट पडत राहिले. प्रश्न मात्र तोच राहिला.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, 'जुने' आणि 'नवे' ही विशेषणे समीक्षेला फारशी उपयोगी नाहीत. आज जे शुद्ध परंपरा म्हणून रक्षिले जाते, ते काल भ्रष्टता म्हणून निंदिले गेले होते. दोन, म्हणून सर्वच बदल सारखे, असे मात्र म्हणता येत नाही. प्रत्येक बदलाने काही मिळवले व काही टाकले. 'स्वयंवरा'ने अभिजात संगीत लोकांपर्यंत नेले, पण संवादी पद टाकले. 'आंधळ्यांची शाळा'ने नाट्याची गती परत मिळवली, पण गायनाचा विस्तार टाकला. समीक्षकाने हा जमाखर्च मांडावा. तीन, जुन्या रसिकाची तक्रार ही बदलाची शत्रू नसून टाकल्या गेलेल्या गोष्टींची नोंदवही असते. ध्वनिमुद्रण नसलेल्या काळाबाबत तर ती जवळजवळ एकमेव नोंदवही आहे.

हा प्रश्न आपणा अध्यापकांच्या दृष्टीने निव्वळ ऐतिहासिक नाही. आपल्या महाविद्यालयांतील स्पर्धांत विद्यार्थी पद सादर करतो ते रंगभूषेवाचून, प्रसंगावाचून, हार्मोनियम-तबल्याच्या साथीने, ठरावीक मिनिटांत. तानेची सफाई पाहून आपण गुण देतो. हे पद कोणत्या अंकातले, कोणाला उद्देशून, त्याआधी काय घडले, हे आपण विचारीत नाही आणि त्यालाही ते पुष्कळदा ठाऊक नसते. तबकडीने शंभर वर्षांपूर्वी केलेली निवड आपण अजाणता नियमपुस्तिकेत लिहून ठेवली आहे. दुसरीकडे मराठीच्या वर्गात 'शारदा' शिकविताना आपण पदे वाचून दाखवितो. त्यांना चाल होती हे विसरतो. एकाच कलाकृतीचे दोन तुकडे करून ते दोन वर्गखोल्यांत वाटून घेण्याचा हा प्रकार होय.

उपाय अवघड नाही. पदाआधीच्या दहा-बारा ओळींचा संवाद स्पर्धकाने म्हणावा, असा एक नियम पुरेसा आहे. साकी, दिंडी, अंजनीगीत यांसाठी स्वतंत्र गुण ठेवावेत. मराठी व संगीत या विभागांनी वर्षातून एखादा अंक मिळून वाचावा व गावा. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. नीरेपासून कृष्णेपर्यंतच्या, शिरवळपासून सांगलीपर्यंतच्या महाविद्यालयांना त्या दिवसाच्या निमित्ताने एवढे सहज करता येईल.

भाऊरावांचा आवाज आता कोणालाही ऐकता येणार नाही. पण ज्या कार्यासाठी तो आवाज वापरला गेला, ते कार्य संहितेत अद्याप जिवंत आहे. एखाद्या विद्यार्थिनीने शारदेचे पद तान न घेता, समोरच्या पात्राकडे पाहून, बोलल्यासारखे म्हटले, तर आपण तिचे गुण कापणार की वाढविणार? जुन्या आणि नव्या रसिकांचा वाद आज या प्रश्नापाशी येऊन थांबला आहे आणि त्याचे उत्तर परीक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या आपणांसच द्यावयाचे आहे.